चेल्सीचें इवलें रणांगण

लंडनला जाऊन आलेल्या माणसास आपल्याकडे कांहीं ठराविक प्रश्न विचारले जातात. राजवाडा पाहिला काय? टॉवरमधील कोहिनूर पाहिला काय? टेम्स नदीवरचा उघडणारा पूल पाहिला काय? या सर्व प्रश्नांस आम्ही होकारार्थी उत्तर देऊं शकतों. परंतु तीन आठवड्यांच्या मुक्कामांतील जी एक गोष्ट घरीं परतल्यावरही आमच्या मनांतून हलेना, ती यांपैकीं कोणतीच नव्हे. ती म्हणजे चेल्सी भागांत कांचेआड मांडलेलें एक रणांगण होय. त्यावरील एकेक सैनिक बोटाच्या नखाएवढा. पण त्या सैनिकांनीं आमच्या घरांतील एक वाद मिटविला, आणि तो कसा मिटविला हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

वादाचें मूळ असें. आमचे थोरले काका डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धांत ते हिंदी सैन्याच्या वैद्यकीय दलांत दाखल झाले आणि १९४४-४५ चा हिंवाळा त्यांनीं इटलींत काढिला. परत आल्यावर त्यांनीं पुण्यास दवाखाना घातला. आमचे वडील अकालीं वारले तेव्हां आम्हां दोघां भावांचीं शिक्षणें त्यांनींच केलीं. आणि युद्धाविषयीं सहसा एक अक्षरही न बोलतां १९८४ सालीं देह ठेविला. आमच्या दिवाणखान्यांत त्यांची एक मोठी तसबीर आहे. इस्त्रीचा गणवेश, आरशासारखे बूट, छातीवर पदकांच्या फिती. आमच्या घरांत युद्ध म्हटलें म्हणजे ती तसबीर, एवढाच अर्थ होता.

आमचे वडील बंधू, ज्यांना घरांत लहानथोर सारे अण्णा म्हणतात, त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बरींच वर्षें लंडनजवळ राहतो. त्याला एक छंद आहे. रणगाडे, तोफा, सैनिकी मोटारी यांच्या लहान प्रतिकृति जोडावयाच्या, त्यांस रंग द्यावयाचा, आणि भोंवतीं माती, झाडें, भिंती, माणसें मांडून एखाद्या प्रसंगाचा देखावा उभा करावयाचा. अण्णांस पंचाहत्तर वर्षें पूर्ण होणार म्हणून त्यानें डॉक्टरकाकांच्या रुग्णवाहिकेचा देखावा करावयास घेतला होता. अर्धें काम झाल्यावर त्यानें हौसेनें अण्णांस छायाचित्र पाठविलें. तें पाहून अण्णा दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. गाडी चाकांपर्यंत चिखलांत रुतलेली, पत्रा पोंचलेला, आणि काका गुडघाभर चिखलांत वांकून उभे!

आम्ही निघालों तेव्हां अण्णांनीं आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें, "त्याला समजावून सांग. काकांचें स्मारक करावयाचें तर तें काकांस शोभेल असें कर म्हणावें. गाडी स्वच्छ हवी, काका ताठ उभे हवेत, आणि पदकें दिसलीं पाहिजेत." आम्हीं मान डोलविली. खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें छायाचित्र रुचलें नव्हतें. आणि चाळिशीकडे झुकलेल्या माणसानें खेळण्यांत इतका जीव गुंतवावा, हेंही पटत नव्हतें.

लंडनला पोंचल्यावर तिसऱ्या दिवशीं आम्हीं विषय काढला. पुतण्यानें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "काका, उत्तर देण्यापूर्वीं मला तुम्हांस एक वस्तु दाखवावयाची आहे. उद्यां सुटी आहे. काकूंनाही घेऊन जाऊं."

भुयारी गाडीच्या स्लोन स्क्वेअर स्थानकावर उतरून दहा-पंधरा मिनिटें चाललें कीं रॉयल हॉस्पिटल रस्ता लागतो. हॉस्पिटल या शब्दानें फसूं नये. दुसऱ्या चार्ल्स राजानें १६८२ सालीं स्थापन केलेला तो वृद्ध सैनिकांचा आश्रम आहे, आणि त्याची इमारत सेंट पॉल देवळाच्याच शिल्पकारानें, म्हणजे ख्रिस्तोफर रेन यानें उभारली. तेथील म्हातारे अद्यापि लांब तांबडे कोट घालतात. आम्ही गेलों तेव्हां तसे दोघे बांकावर ऊन खात बसले होते. त्यांना ओलांडून पुढें गेलें कीं नॅशनल आर्मी म्युझियम लागतें. हें संग्रहालय १९६० सालीं सँडहर्स्ट येथें सुरू झालें आणि १९७१ मध्यें येथें आलें. प्रवेशास शुल्क नाहीं.

पुतण्यानें आम्हांस तरवारी, गणवेश, निशाणें यांजवळ थांबूं दिलें नाहीं. तो थेट एका मोठ्या कांचेपाशीं नेऊन म्हणाला, "हें वॉटर्लू."

सुमारें चारशें चौरस फूट जागा. म्हणजे आपल्या दोन चांगल्या खोल्या. तीवर टेकड्यांचे सौम्य चढउतार, रस्ते, कुंपणें, शेतघरें, वाड्या, आणि पिकांचे निरनिराळ्या रंगांचे पट्टे. प्रमाण एका इंचास नऊ फूट. त्या भूमीवर कथील-शिशाचे सत्तर हजारांहून अधिक सैनिक. प्रथम डोळ्यांस नुसती बुरशी आल्यासारखी दिसते; मग नजर स्थिरावली कीं बुरशीच्या रेषा होतात, रेषांच्या पलटणी होतात, आणि अखेर एकेका माणसाचा हात, बंदूक, घोड्याची मान वेगळी दिसूं लागते. १८१५ सालच्या जूनची १८ तारीख, सायंकाळचे सातचे सुमार. नेपोलियननें आपले राखून ठेवलेले रक्षकदल शेवटच्या हल्ल्यास सोडिलें आहे. आणि पूर्वेकडून ब्ल्यूखरचे प्रशियन वेलिंग्टनच्या मदतीस येत आहेत. तो एक क्षण तेथें कायमचा थांबविला आहे.

आमच्या सौभाग्यवती पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आपला दिवाळीचा किल्लाच कीं हा!"

त्यांचें म्हणणें अगदीं खरें होतें. विटांचा उतरता ढीग रचावा, त्यावर तरट पसरून मातीचा काला थापावा, अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवावी, आणि कुंभारवाड्यांतून आणलेलीं चित्रें मांडावींत, हा आमच्या वाड्याचाही वार्षिक उद्योग. फरक एवढाच कीं आमच्या किल्ल्यांत प्रमाण हा पदार्थ नसे. शिवाजीमहाराजांचें सिंहासन बुरुजाहून मोठें, दरवाज्यावरचा मावळा दरवाज्यांत न मावणारा, आणि पायथ्याची गवळण तोफेहून उंच. बालमनाचें माप भक्तीचें असतें; जो मोठा तो मोठाच दिसला पाहिजे. येथें मात्र ड्यूक ऑफ वेलिंग्टन शोधावयास आम्हांस बराच वेळ लागला. तोही इतरांएवढाच नखाएवढा!

ही प्रतिकृति करणारा विल्यम सायबॉर्न १७९७ सालीं जन्मला. सैनिकाचा मुलगा, स्वतः सैनिक. वॉटर्लूच्या दिवशीं मात्र तो तेथें नव्हता. लढाई संपल्यावर फ्रान्समध्यें राहिलेल्या फौजेंत तो जाऊन मिळाला. भूमीचे चढउतार कागदावर अचूक कसे दाखवावे हा त्याचा आवडीचा विषय, आणि त्यावर त्यानें पुस्तकेंही लिहिलीं होतीं. १८३० सालीं सरसेनापति लॉर्ड हिल यांजकडून त्यास वॉटर्लूची प्रतिकृति करण्याचें काम मिळालें. सायबॉर्न रणांगणाच्या मधोमध असलेल्या ला हे सेंत या शेतघरांत जाऊन आठ महिने राहिला आणि त्यानें ती सारी भूमि मोजून काढिली.

भूमि मोजतां येते. पण पंधरा वर्षांपूर्वींची एक सायंकाळ कशी मोजावयाची? सायबॉर्ननें जो उपाय केला तो त्या काळीं नवाच होता. लढाईंत असलेल्या जेवढ्या हयात अधिकाऱ्यांचा पत्ता लागला, त्यांना त्यानें एक परिपत्रक पाठविलें. सायंकाळीं सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठें होती? तिची रचना कशी होती? समोर शत्रूचें कोणतें दल होतें? आणि तुमच्या पायांखालीं, तुमच्या समोर, कोणतें पीक उभें होतें? या शेवटच्या प्रश्नावर आमचें मन फार वेळ रेंगाळलें. साम्राज्याचा निकाल लागत असतां ज्याच्या पायांखालीं राय होती कीं गवत होतें हें विचारणारा मनुष्य वेडा तरी असावा, नाहीं तर सत्याचा खरा उपासक तरी असावा. उत्तरें येत गेलीं, आणि पत्रांची संख्या सातशेंच्या घरांत गेली. एका लढाईविषयीं तींत भाग घेतलेल्यांचीं इतकीं पत्रें एकत्र जमल्याचें उदाहरण त्यापूर्वीं क्वचितच असेल. तीं आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांतील निवडक पत्रें सायबॉर्नच्या मुलानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलीं.

पुढें मात्र त्याचे दिवस फिरले. १८३३ सालीं सरकारनें हात आंखडता घेतला. सायबॉर्ननें डब्लिनमधील आपली नोकरी सांभाळून, स्वतःचे आणि उसनवार पैसे घालून काम पुरें केलें. खर्च तीन हजार पौंडांच्या आसपास गेला. १८३८ सालीं पिकॅडिलींतील ईजिप्शियन हॉलमध्यें प्रतिकृति मांडली गेली, आणि एकेक शिलिंग देऊन सुमारें एक लाख लोकांनीं ती पाहिली. तरीही करणाऱ्याच्या वांट्यास कर्जच राहिलें.

पैशाहून मोठें संकट निराळेंच होतें. सायबॉर्ननें साक्षीपुरावे जुळवून सायंकाळीं सातच्या सुमारास प्रशियन सैन्य फार मोठ्या संख्येनें आणि पुष्कळ पुढें आलेलें दाखविलें होतें. याचा अर्थ विजयाचा मोठा वांटा त्यांचा, असा पाहणाराच्या मनावर ठसे. ड्यूकच्या गोटास, विशेषतः त्याचा लष्करी चिटणीस फिट्झरॉय सॉमरसेट याला, हें मानवलें नाहीं. (हाच पुढें लॉर्ड रॅग्लन म्हणून क्रिमियाच्या युद्धांत सरसेनापति झाला.) त्या घटकेस प्रशियन इतके पुढें नव्हते, असें त्यांचें म्हणणें. सायबॉर्ननें बरींच वर्षें दम धरिला, अखेर नमला. सुमारें चाळीस हजार प्रशियन सैनिक त्यानें आपल्या रणांगणावरून उचलले.

१८४४ सालीं त्यानें या युद्धाचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला, आणि लढाईच्या दुपारच्या एका प्रसंगाची दुसरी, मोठ्या प्रमाणावरची प्रतिकृतिही केली. ती आज लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयांत आहे. १८४९ च्या जानेवारींत तो वारला तेव्हां त्याचें वय अवघें ५१ होतें. त्याचीं शेवटचीं वर्षें याच चेल्सींत, सैनिकांच्या मुलांसाठीं असलेल्या एका संस्थेंत नोकरी करण्यांत गेलीं.

हा वृत्तांत पुतण्यानें त्या कांचेपाशींच उभें राहून सांगितला. नंतर पूर्वेकडच्या एका मोकळ्या भागाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यानें चूक केली असें मी म्हणत नाहीं. कर्ज होतें, संसार होता. पण काका, मी अण्णांसाठीं चिखल धुऊन काढला, तर मीही हेंच करीन ना?"

आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं. थोड्या वेळानें आम्हीं म्हटलें, "अरे, ड्यूक कांहीं ऐकीव गोष्ट सांगत नव्हता. तोही त्या रणांगणावर होता. त्याच्या गोटानें सांगितलेली गोष्ट खोटीच असली पाहिजे, असें तूं कशावरून ठरवितोस?" यावर तो हंसला. त्या घटकेस प्रशियन नेमके किती पुढें होते, याविषयीं अभ्यासकांत अद्यापि एकमत नाहीं, हें त्यानें कबूल केलें. आमच्या दोघांच्याही लक्षांत आलें कीं वाद चिखलाचा नसून साक्षीचा आहे. ज्यानें पाहिलें त्याला विचारावयाचें. आणि पाहणारा उरला नसेल तर ज्यानें त्याच्या तोंडून ऐकलें त्याला विचारावयाचें.

त्या रात्रीं आम्हीं प्रथमच त्याची कामाची खोली नीट पाहिली. खिडकीपाशीं एक मेज, वर भिंगाचा दिवा, चिमटे, कानस, केसाएवढ्या टोंकाचे कुंचले, आणि रंगाच्या शेंदीडशें बाटल्या. या खेळांतील मोटारी बहुधा खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शानें केलेल्या असतात. पस्तीस हा आंकडा कोठून आला, याची कथा गमतीची आहे. जपानांतील शिझुओका गांवच्या तामिया कंपनीनें १९६० च्या दशकाच्या आरंभीं एक चालता जर्मन रणगाडा केला. आंत विजेऱ्या व मोटर मावावी एवढा त्याचा आकार ठेविला. आणि मग मोजून पाहतां तो सुमारें पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. तेंच माप पुढें जगभर रूढ झालें. देखाव्यास ज्या शब्दानें हे लोक ओळखतात तो 'डायोरामा' शब्दही जुना आहे. छायाचित्रणाच्या जनकांपैकीं एक जो दागेर, त्यानें व त्याच्या भागीदारानें १८२२ सालीं पॅरिसमध्यें मोठ्या पडद्यांवर प्रकाश खेळवून जे देखावे दाखविले, त्यांसाठीं तो प्रथम घडविण्यांत आला.

गाडीचे भाग जोडून झाले म्हणजे प्रथम अस्तराचा रंग, मग मूळ रंग. येथपर्यंतचें काम कोणताही चिकाटीचा मुलगा करूं शकेल. खरी कसोटी पुढें आहे. नवी कोरी दिसणारी गाडी जुनी, राबलेली करावयाची. इंग्रजींत यास वेदरिंग म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनीं त्याचें 'ऊनपाऊस लावणें' असें नांव ठेविलें आणि तेंच आतां आमच्या घरांत रूढ झालें आहे. पाण्यासारखा पातळ काळसर तैलरंग सोडिला कीं तो सांध्यांत व खिळ्यांभोंवतीं जाऊन बसतो. कुंचला जवळजवळ कोरडा करून कडांवरून फिरविला म्हणजे झिजलेल्या कडा उठून दिसतात. स्पंजाचा तुकडा रंगांत टेंकवून हलकेच लावला कीं पोपडे उडाल्यासारखे होतात. धुराच्या नळीवर गंज, पायरीवर बुटांच्या घासण्या, इंधनाच्या तोंडाखालीं तेलाचे ओघळ. "प्रत्येक डागाला कारण पाहिजे," पुतण्या म्हणाला. "पाणी वरून खालीं वाहतें, हात लागतो तेथेंच रंग जातो, आणि चाक ज्या दिशेनें फिरतें त्याच दिशेनें चिखल उडतो. कारणावांचून लावलेला मळ म्हणजे नुसती घाण."

मातीची गोष्ट तर फारच उद्बोधक वाटली. एक मिलिमीटरचा वाळूचा कण पस्तीसपट केला म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो; तेव्हां बागेंतली माती जशीच्या तशी घातली तर इटलीच्या रस्त्यावर दगडगोटे पसरल्यासारखे दिसतात. आमच्या सौभाग्यवतींनीं ताबडतोब आपला रेशमी रुमाल काढिला आणि औषधी चूर्णाप्रमाणें माती वस्त्रगाळ करून दाखविली. ताडपत्रीसाठीं पातळ कागद चहाच्या पाण्यांत भिजवून वाळविण्याची युक्तिही त्यांचीच. तेव्हांपासून पुतण्याचें आणि त्यांचें चांगलेंच जमलें.

मेजाच्या कडेला ती रुग्णवाहिका होती. ऑस्टिन कंपनीची के-टू जातीची गाडी. आंत चार झोळ्या मावत. सैनिक लाडानें तिला 'केटी' म्हणत. काका खरोखर ज्या गाडींत असत ती हीच, हें एका जुन्या छायाचित्राच्या मागील टिपणावरून पुतण्यानें ठरविलें होतें. राखट-पिवळा चिखल चाकांपासून छपरापर्यंत चढलेला. आम्हीं भिंग डोळ्यास लावलें, आणि एकाएकीं साठ वर्षांपूर्वींचा एक पावसाळी दिवस आमच्या मनांत उभा राहिला.

आम्ही शाळेंतून भिजून आलों होतों. सायकल चिखलानें माखलेली, म्हणून आई रागावली. काका ओटीवर बसले होते. ते सहज बोलावें तसें म्हणाले, "इटलींत गाडीचा चिखल धुवावयास वेळच नसे. तांबडा क्रूस तेवढा ओल्या फडक्यानें पुसून घेत असूं. तो दिसला नाहीं तर गोळी येई." एवढेंच. त्यानंतर त्यांनीं वर्तमानपत्र उघडिलें.

आणि आमच्यासमोरच्या गाडीवर तांबड्या क्रूसावरही तोच चिखल सारखा लावलेला होता!

आम्हीं ती आठवण सांगितली तेव्हां पुतण्या बराच वेळ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अण्णांचेंही चुकलें आणि माझेंही." त्यानें कापसाचा बोळा भिजवून पांढऱ्या चौकोनावरचा चिखल हलक्या हातानें पुसावयास आरंभ केला. सर्वत्र चिखल, आणि मध्यें तेवढाच एक चौकोन पुसलेला. कडेला फडक्याचे फराटे. गाडी एकदम निराळीच दिसूं लागली. तोपर्यंत ती चिखलांतली गाडी होती. आतां ती कोणीतरी भिऊन, जपून, रोज हात फिरविलेली गाडी झाली.

फोनवर अण्णांशीं वाद घालण्यांत अर्थ नसतो, हें आमच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. म्हणून आम्हीं सायबॉर्नचा मार्ग धरिला. अण्णांस पत्र लिहिलें, त्यांत क्रूसाची हकीकत कळविली, आणि खालीं प्रश्न घातले. काका त्या हिंवाळ्याविषयीं आपणांजवळ कधीं बोलले होते काय? त्यांच्या अंगांत काय असे? गाडींत बरोबर कोण असे? जमीन कशी होती? पत्राचें छायाचित्र काढून पुतण्यानें तें अण्णांच्या फोनवर पाठविलें.

तीन दिवस उत्तर नाहीं. चौथ्या दिवशीं अण्णांच्या हातचीं चार पानें आलीं. तीं सबंध येथें देणें योग्य नाहीं; सारांश सांगतों. काकांच्या अखेरच्या आजारांत अण्णा रात्रीं त्यांच्या उशाशीं बसत. एका रात्रीं काका पुष्कळ बोलले. गाडी चालविणारा साताऱ्याकडचा एक तरुण होता. एकदां सायंकाळीं ओढ्याच्या उतारावर गाडी रुतली. आंत चार जखमी होते. काकांस वाटलें, आतां सकाळपर्यंत थांबावें. तो तरुण ऐकेना. त्यानें फांद्या तोडून चाकांखालीं घातल्या, त्या पुरेनात तेव्हां अंगांतला लोकरी कोट काढून चाकाखालीं अंथरला, आणि गाडी वर काढिली. त्या थंडींत तो रात्रभर कोटावांचून गाडी चालवीत होता. काका म्हणाले होते, "मला पदकें मिळालीं. त्याचें कोणी नांवही विचारलें नाहीं."

पत्राच्या शेवटीं अण्णांनीं लिहिलें होतें: "काकांनीं त्या रात्रीं त्याचें नांव सांगितलें होतें. मी विसरलों. ही गोष्ट मला इतकीं वर्षें टोंचत आहे, म्हणून कोणाजवळ बोललों नाहीं. चिखल राहूं द्या. पण त्या माणसास वगळूं नका."

आमच्या मराठी वाचकांस इटलींतील त्या लढ्याची एक बाजू ठाऊक असते. वरच्या टायबर खोऱ्यांत १९४४ च्या १० जुलैला धारातीर्थीं पडलेले नाईक यशवंत घाडगे, आणि १९४५ च्या ९ एप्रिलला सेनियो नदीवर जखमी सोबत्यांस पाण्यांतून वाहून नेणारे नामदेव जाधव, हे दोघेही मराठा पलटणींचे. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीं नांवें राहिलीं हें योग्यच झालें. पण इटलींतील फोर्ली येथें हिंदी सैनिकांची जी स्मशानभूमि व दहन झालेल्यांचें स्मारक आहे, तेथील शिळांवरचीं नांवें आपल्यापैकीं किती जणांनीं वाचलीं असतील? आणि जे जिवंत परतून आपल्या शेतावर गेले, त्यांचीं नांवें तर कोणत्याही शिळेवर नाहींत.

पुतण्यानें उरलेले दिवस रात्रीं जागून काम केलें. तारेचा सांगाडा करून, दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या लांबीनें त्यानें तो तरुण घडविला. मागच्या चाकाशीं गुडघे टेंकून बसलेला. अंगांत नुसती बंडी. दोन्ही हातांनीं चाकाखालीं कोट सारीत असलेला. काका त्याच्यामागें, हातांत फांद्या घेऊन वांकलेले. पदकें नाहींत, तीं तेव्हां मिळालींच नव्हतीं. उंची दोघांचीही सारखी, दोन इंचांहून किंचित् कमी.

भाद्रपदांत आम्ही परतलों. खोका मांडीवर घेऊन आलों. विमानतळावरच्या तपासणीदारानें तो उघडावयास लाविला, पाहिला, आणि आपल्या सोबत्यासही बोलावून दाखविला. अण्णांच्या वाढदिवशीं तो देखावा दिवाणखान्यांत काकांच्या तसबिरीखालीं ठेविला. अण्णांनीं चष्मा पुसला, खुर्ची ओढून घेतली, आणि मुलांनीं आणून दिलेलें भिंग घेऊन ते कितीतरी वेळ पाहत राहिले. आम्हांस वाटलें, आतां रंगाविषयीं, चिखलाविषयीं कांहीं बोलतील. ते आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "फारच रुतली आहे. निघेल ना रे गाडी?"

त्या वर्षीं दिवाळींत वाड्यांतल्या मुलांनीं नेहमीप्रमाणें किल्ला केला. सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, गुहेंत वाघ, सारें यथास्थित. अण्णा काठी टेंकीत बाहेर आले, किल्ला न्याहाळला आणि नातवंडांस विचारूं लागले, "गडावर पाणी कोण चढवितो? त्याचें चित्र कोठें आहे?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. मग एक जण कुंभारवाड्याकडे धांवत गेला.